आधी निदान, मग पाना!



मागच्या आठवड्यात बॅचमधल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, एसी रिपेअरचं काम सुरू केलंय. नुसतं बघायला गेलो तर पैसे मागू का? लोक म्हणतात, बघायचे कसले पैसे?" त्याला मी तिथल्या तिथे "मागायचेच" असं उत्तर दिलं. पण का मागायचे, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. बीबीएला तीन वर्षं प्राइसिंग शिकलो, तिथेही नाही. ते शिकवलं एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकने. आणि ते शिकताना माझ्या हातून दोन माणसांच्या जिवाशी खेळ होता होता राहिला. व्हिडिओत हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

गाडी कुठली होती

माझं गॅरेज साताऱ्यात आहे. रोजची कामं म्हणजे स्विफ्ट, बोलेरो, वॅगन आर. चार वर्षांपूर्वी एक काका एक लाल रंगाची, टप उघडणारी, दोन सीटची गाडी घेऊन आले. माझदा एमएक्स-5, 1996 चं मॉडेल. माझदा म्हटलं की आपल्याकडे स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, पण ही जगातली सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. 1989 मध्ये पहिली आली आणि 2016 मध्ये दहा लाखावी तयार झाली. काका नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून कायमचे परत आले, तेव्हा ही बरोबर घेऊन आले होते. पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, पुढेही करत राहिले. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

काकांनी तक्रार सांगितली ती अशी: "अरे, थंड असताना ठीक असते. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की जड होते. ब्रेक दाबला की आधी जरा उजवीकडे जाते, आणि सोडला की डावीकडे ओढते. घरी पोचेपर्यंत डाव्या पुढच्या चाकाचा वास येतो."

मी जॉब कार्डवर काय लिहिलं? "पुढचा डावा ब्रेक जाम." बस. चार शब्द.

हे चार शब्द मी नीट लक्षात ठेवलेत, कारण माझी सगळी चूक त्यातच आहे. काकांनी मला पूर्ण उत्तर दिलं होतं. दाबताना उजवीकडे, सोडल्यावर डावीकडे. मी त्यातलं मला माहीत असलेलं तेवढं ऐकलं आणि बाकीचं सोडून दिलं.

मी काय काय बदललं

पहिल्या वेळी पुढचे ब्रेक पॅड बदलले, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं, दहा मिनिटांची चक्कर मारली. गाडी मस्त. बिल 6,400 रुपये.

तीन आठवड्यांनी काका परत आले. तोच वास, तसंच ओढणं. आता मी छाती काढून सांगितलं, "काका, कॅलिपर गेलाय. पिस्टन आत चिकटतोय." बाहेरून पार्ट मागवला. यायला पाच आठवडे लागले. "एवढं करतोच आहोत तर" म्हणून दोन्ही डिस्कही बदलल्या. बिल 31,600 रुपये. म्हणजे एकूण 38,000.

कॅलिपर बसवून एअर काढत होतो, तेव्हा माझ्याकडचा पोरगा खाली बसला होता. तो म्हणाला, "दादा, या चाकाचं ऑइल लईच बारीक येतंय." मी म्हणालो, "नवीन कॅलिपर आहे, भरायला वेळ लागतो. दाब तू." ऑइलचा डबा संपूर्ण रिकामा करून नवं ऑइल घालायला पाहिजे होतं. मी जुन्यावरच थोडं नवं ओतलं. परत दहा मिनिटांची चक्कर. परत गाडी मस्त.

पुढच्या रविवारी काका आणि काकू पाचगणीला गेले. परत येताना पसरणी घाटात, वाईच्या अलीकडे, ब्रेकचं पेडल जवळजवळ तळाला गेलं.

काकांनी गाडी खालच्या गिअरला टाकली, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला घासत उभी केली. ज्यांनी तो घाट उतरलाय त्यांना दुसऱ्या बाजूला काय आहे ते माहीत आहे. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑइलवर नाही, म्हणून ते वाचले. आणि चाळीस वर्षांचा ड्रायव्हिंगचा हात होता म्हणून वाचले. माझ्या कामामुळे वाचले नाहीत.

मला फोन आला तेव्हा काका चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाळा, तू येऊन गाडी घेऊन जा. आज मी चालवणार नाही." मागून काकूंचा आवाज येत होता. त्या काही बोलत नव्हत्या, रडत होत्या.

खरं कारण, आणि ते शोधायला लागलेला वेळ

गाडी टो करून आणली. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तक्रार ज्या परिस्थितीत येते, ती परिस्थिती तयार केली. आधी एअर काढून पेडल पुरतं चालू केलं. मग गॅरेजमागच्या मोकळ्या सपाट प्लॉटवर, हळू वेगात, वीस-पंचवीस मिनिटं फेऱ्या मारल्या, सारखे ब्रेक दाबत. मग लगेच तापमान मोजायची गन लावली. डावीकडची डिस्क 210 अंश, उजवीकडची 85.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. पोऱ्याला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. डावं चाक हाताने फिरेना. आता प्रश्न एकच: हे चाक कशाने धरून ठेवलंय, लोखंडाने की ऑइलच्या प्रेशरने?

कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल थोडा सैल केला. थोडंसं ऑइल बाहेर आलं आणि चाक मोकळं. म्हणजे पिस्टन चिकटलेला नाही, पिना जाम नाहीत. आत प्रेशर अडकून राहतंय. तो नवीन कॅलिपर मी उगाच बदलला होता, हे त्या क्षणी कळलं.

आता प्रेशर अडकतंय कुठे? निपल बंद केला, परत ब्रेक दाबून सोडला, चाक परत जाम. या वेळी वरच्या टोकाचा जोड सैल केला, जिथे लोखंडी पाईप संपतो आणि रबरी होज पाईप सुरू होतो. जर अडकलेलं प्रेशर वरून, मास्टर सिलिंडरकडून येत असतं, तर इथे सैल केल्यावर चाक मोकळं व्हायला हवं होतं. झालं नाही. खाली निपलला सोडलं की मोकळं, वर सोडलं की जाम. मधे राहतो फक्त होज पाईप.

होज काढून कापला. बाहेरून ठणठणीत, एक चीर नाही. आतलं रबर फुगून भोक बारीक झालेलं. पाय दाबला की जोरामुळे ऑइल पुढे जायचं, पण उशिरा. म्हणून ब्रेक दाबताना उजवं चाक आधी धरायचं आणि गाडी उजवीकडे जायची. पाय सोडला की परत येताना जोर नाही, म्हणून ऑइल तिथेच अडकायचं, डावं चाक धरून ठेवायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. काकांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं, ते अक्षरशः हेच. आणि पोऱ्याला जे बारीक येताना दिसलं, तेही हेच.

मग घाटात पेडल का गेलं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 चं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, हा त्याचा ठरलेला दर्जा. पण त्यात साधारण साडेतीन-चार टक्के पाणी मिसळलं की तीच हद्द 155 अंशांवर येते. घाटात एक चाक सतत घासतंय, ऑइल जुनं, पावसाळे पिऊन बसलेलं. ऑइल उकळलं, वाफ झाली. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पाय वाफ दाबत राहिला.

ही सगळी तपासणी, गाडी जॅकवर घेतल्यापासून होज कापेपर्यंत, पंचवीस मिनिटांत झाली. दोन्ही बाजूंचे होज 2,200 रुपये, सगळं ऑइल नवीन 900 रुपये.

हिशोब मांडू या

तुम्ही धंदा शिकायला आलाय, म्हणून आकडे सांगतो. 38,000 च्या बिलात 31,000 चे पार्ट आणि 7,000 मजुरी. त्यातला दुखण्याचा पार्ट शून्य रुपयांचा. मी काकांना मजुरीचे 7,000 आणि कॅलिपरचे 17,000 परत दिले. पॅड आणि डिस्क त्यांच्या वापरात राहिल्या, त्याचे घेऊ नकोस असं मी म्हणालो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं. शेवटच्या कामाची मजुरी घेतली नाही.

आता मला सांगा, मी चोर होतो का? नव्हतो. मी खोटा पार्ट लावला नाही, जुना नवा म्हणून विकला नाही. आपल्याकडे गॅरेजवाला म्हटलं की लोकांना फसवणूक आठवते. पण माझा अनुभव असा की फसवणुकीपेक्षा अंदाज जास्त महाग पडतो. फसवणाऱ्याला निदान माहीत तरी असतं की दुखणं कुठे आहे!

आणि मी अंदाज का केला? कारण माझ्या धंद्यात मला निदानाचे पैसे मिळत नव्हते. बोर्डवर मी स्वतः लिहिलं होतं, "ब्रेक चेकअप फ्री." फ्री कामाला माणूस किती वेळ देतो? पाच मिनिटं. पैसे कधी मिळणार? पार्ट बदलला की. म्हणजे मीच अशी सिस्टीम बनवली होती की जितकं कमी तपासीन आणि जितकं जास्त बदलीन तितका माझा फायदा. वर मी प्रामाणिक आहे असं समजत होतो.

माझं मत स्पष्ट आहे: फुकट निदान ही ग्राहकाची सोय नाही. त्याचे पैसे तो देतोच, फक्त चुकीच्या पार्टच्या बिलात देतो.

मग मी काय बदललं

फ्री चेकअपचा बोर्ड काढला. आता नेहमीच्या गाडीला निदान फी 400 रुपये, जुन्या किंवा बाहेरून आणलेल्या गाडीला 1,500. आणि त्या पैशांच्या बदल्यात ग्राहकाला एक कागद मिळतो. त्यावर चार गोष्टी असतात.

एक, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत. माझ्या नाही, त्याच्या. "दाबताना उजवीकडे, सोडल्यावर डावीकडे" असं म्हणाला तर तसंच लिहायचं. शेजारी तीन गोष्टी: कधी होतं, किती वेळाने होतं, आणि याआधी काय बदललंय.

दोन, काय काय तपासलं. ब्रेकमध्ये प्रत्येक लक्षणाची दिशा वेगळी असते. पेडल स्पंजासारखं लागतं, तर आधी हवा शोधायची. दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या वॉशरकडे बघायचं. पेडल दगडासारखं कडक, तर बूस्टर: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, मग पाय ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाईप. ब्रेक मारताना पेडल थरथरतं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते मोजायचं.

तीन, काय सापडलं आणि काय सापडलं नाही. "अजून कळलं नाही" हे लिहायला लाजायचं नाही.

चार, पर्याय आणि खर्च. हा कागद घेऊन ग्राहक दुसऱ्या गॅरेजला गेला तरी चालेल. तो कागद त्याचा आहे. त्याने पैसे दिलेत.

आणि एक नियम गॅरेजसाठी: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तक्रार ज्या परिस्थितीत होती त्याच परिस्थितीत, पण सुरक्षित जागी गाडी तपासायची. गरम झाल्यावर येणारं दुखणं थंड गाडीच्या दहा मिनिटांच्या चकरेत सापडत नाही. मी दोनदा तेच केलं होतं.

जुन्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं. एमएक्स-5 चंच बघा. तिच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच असते. पॅड बदलताना मागचा एक बोल्ट काढून, आतला स्क्रू 4 एमएमच्या ॲलन कीने फिरवून पिस्टन आत घ्यायचा असतो. नेहमीच्या सवयीने क्लॅम्प लावून दाबला तर आतली यंत्रणा बिघडते, आणि तो पार्ट बाजारात सहज मिळत नाही. आपल्याला पन्नास गाड्या माहीत असतात, म्हणून एक्कावन्नावी तशीच असेल असं वाटतं. पाना हातात घेण्याआधी त्या गाडीचं मॅन्युअल वाचायला लागणारा अर्धा तास कोण देणार? निदान फी देते.

"पण समोरचा फुकट करतो ना!"

हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. खरं आहे. पहिल्या दोन महिन्यांत सहा-सात जण फी ऐकून निघून गेले. माझ्या बायकोनेही विचारलं, हे चालेल का? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाडं भरायचं होतं.

काही जणांनी सल्ला दिला: काम दिलं तर निदान फी बिलात वजा कर, म्हणजे ग्राहक खूश. बऱ्याच ठिकाणी हे चालतं. मी करत नाही, आणि तुम्हीही करू नका असं माझं मत आहे. कारण मग परत तेच: काम निघालं तरच निदान मला परवडणार. "काका, गाडीला काही झालेलं नाही, घरी जा" हे वाक्य बोलायला मला पैसे मिळाले पाहिजेत. तरच मी ते बोलेन. माणूस वाईट नसतो हो, पण महिनाअखेर वाईट असते.

एक अपवाद सांगतो, म्हणजे तुम्ही हे टोकाला नेणार नाही. पॅड घासून लोखंडाला लागलेत आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतंय, तिथे निदान फी लावू नका. जिथे कारण समोर दिसतं तिथे काम करा, बिल करा. फी शोधण्याची आहे, बघण्याची नाही. हा फरक तुम्हालाच आधी स्पष्ट पाहिजे, तरच ग्राहकाला समजावता येईल.

तुमच्या धंद्यात हे कुठे बसतं

त्या एसीवाल्या मुलाकडे परत येतो. ग्राहक म्हणतो कूलिंग कमी आहे. फुकट बघायला गेलेला माणूस काय करणार? गॅस भरणार, कारण पैसे गॅसचे मिळतात. लीकेज शोधायचे पैसे मिळत नाहीत. गॅस आपोआप संपत नाही, तो कुठून तरी जातो. दोन-तीन महिन्यांनी परत फोन, परत गॅस. ग्राहक तिसऱ्या वेळी दुसऱ्याला बोलावतो आणि तुमचं नाव सोसायटीत खराब करतो. बोअरच्या मोटारीला कपॅसिटर गेलाय की वाइंडिंग, हे न मोजता मोटार वर काढणाऱ्याचंही तेच. मोबाईल दुरुस्तीत डोळे झाकून बॅटरी बदलणाऱ्याचंही तेच.

म्हणून नवीन धंदा सुरू करताना रेटकार्डवर पहिली ओळ निदानाची ठेवा. नंतर घालायला गेलात तर जुने ग्राहक बिचकतात, मी ते भोगलंय. आणि फी घेतली की त्या फीला लायक तपासणी करावीच लागते. ती शिस्त ग्राहकाआधी तुम्हाला लागते.

आणि हो, हे वाचून घरच्या गाडीचे ब्रेक उघडायला बसू नका. ब्रेक हा शिकाऊ हात साफ करायचा भाग नाही. मी तुम्हाला तपासायची पद्धत सांगितली, करायची परवानगी दिलेली नाही.

काका अजूनही येतात. गाडी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला येते, न सांगता. घाटातल्या त्या दिवशी काकू बरोबर होत्या. त्यानंतर त्या त्या गाडीत बसल्या नाहीत. पाचगणीला जायचं असलं की दुसरी गाडी काढतात. काका गमतीने म्हणतात, "तिचा तुझ्यावर विश्वास नाही रे." मी हसतो. पण 24,000 परत देऊन जे परत आलं नाही ते हेच, हे मला माहीत आहे.

आणि तो पोऱ्या, ज्याला ऑइल बारीक येताना दिसलं होतं, तो आता माझ्याकडे निदानाचा कागद भरतो. उद्या सकाळी तुमच्या पहिल्या ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. सुरुवात तेवढ्यानेही होते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.